परंपरावादाचा अभ्यास गोव्यात बसून कसा सुरू करावा

राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात परंपरावादाच्या वाट्याला फार तर दीड पान येतं. अठराव्या शतकातला ब्रिटिश राजकारणी आणि विचारवंत एडमंड बर्क, फ्रेंच राज्यक्रांती, ‘बदलाला विरोध’, आणि पुढचा धडा. त्या दीड पानावर विसंबलात तर पुढे सगळीकडे अडखळाल. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार कुठे बसवायचा, संमतिवयाच्या कायद्यावरची टिळकांची १८९१ ची भूमिका कुठे, कोमुनिदादीचा (गावाची सामाईक जमीन सांभाळणारी गोव्यातली जुनी संस्था) कैवार घेणारा गांवकर (तिचा वंशपरंपरागत सभासद) कुठे, काहीच सुचत नाही.

गोव्यातल्या वाचकाची एक मोठी सोय आहे. हा विचार आणि त्याचे विरोधक, दोघांच्याही खुणा त्याच्या घरातल्या कागदांत सापडतात: शेताचा उतारा, लग्नाची नोंद, देवळाच्या महाजनांची यादी. या सोयीचा फायदा कसा घ्यायचा ते पुढे सांगितलं आहे. तुम्ही या विचाराच्या बाजूचे असा की विरुद्ध, कामाची रीत तीच.

काय हाताशी हवं

- २०० पानी वही. परंपरावादाच्या प्रत्येक प्रकाराला दोन पानं, प्रत्येक पानावर चार रकाने (रकाने कोणते ते पायरी ४ मध्ये).
- १७८९ ते १९७६ असा एक लांब काळपट. वर युरोप, मध्ये गोवा, खाली महाराष्ट्र. भिंतीवर लावता आला तर उत्तम.
- पणजीच्या कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाचं सभासदत्व. १८३२ साली सुरू झालेलं हे ग्रंथालय. पोर्तुगीज काळातली वर्तमानपत्रं आणि कायद्यांचे संग्रह इथे शोधा.
- राज्यशास्त्र परिभाषा कोश आणि मराठी विश्वकोश.
- आठ आठवडे, आठवड्याला चार-पाच तास. दोन आठवड्यांत उरकायला गेलात तर पायरी ३ वरच दम संपतो.

सुरुवातीला पोर्तुगीज यायलाच हवं असं नाही. पायरी ५ आणि ८ साठी मात्र पोर्तुगीज वाचणारं कुणीतरी गाठून ठेवा. गोव्यात अशी माणसं अजून आहेत, आणि विचारलं की आनंदाने वेळ देतात.

१. आधी शब्द ठरवा

मराठीत या विचाराला अर्धा डझन शब्द आहेत आणि त्यातले बहुतेक भांडणातून आले आहेत. ‘सनातनी’ म्हटलं की धर्माचरण आलं. ‘पुराणमतवादी’ हा सुधारकांनी फेकून मारलेला शब्द. ‘प्रतिगामी’ म्हणजे तर निकालच लागला. ‘रूढिवाद’ कोशात चालतो, पण ऐकणाऱ्याच्या मनात आंधळी रूढी उभी करतो. ब्रिटनच्या पक्षाला आपली वर्तमानपत्रं ‘हुजूर पक्ष’ म्हणत आली आहेत. तो शब्द त्या पक्षापुरताच ठेवा, विचाराला लावू नका.

या लेखात ‘परंपरावाद’ हा शब्द एका ठराविक अर्थाने आहे: समाज पिढ्यान्‌पिढ्या घडत जातो, नुसत्या तर्काने आखून तो उभारता येत नाही, म्हणून चालत आलेल्या संस्थांना (कुटुंब, गाव, धर्मसंस्था, राजपद) मान द्यावा, असं जाणीवपूर्वक मांडणारा राजकीय विचार.

इथे तीन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं म्हणजे कॅथलिक चर्चमधले लॅटिन मिस्सेचे (उपासनाविधीचे) आग्रही. त्यांनाही परंपरावादी म्हणतात, पण तो वाद चर्चच्या आतला, मुख्यतः १९६० नंतरचा. दुसरं, रने गेनाँ आणि आनंद कुमारस्वामी यांची ‘सनातन ज्ञाना’ची परंपरा. तिचा विषय अध्यात्म आहे, राज्यव्यवस्था नाही. तिसरं, मोकळ्या बाजाराचे पुरस्कर्ते. मार्गारेट थॅचर हुजूर पक्षाच्या होत्या म्हणून त्या या अर्थाने परंपरावादी ठरत नाहीत. बाजारवादी विचारवंत हायेक यांनी तर आपण या पंथातले का नाही यावर १९६० साली स्वतंत्र निबंधच लिहिला.

२. परंपरा आणि परंपरावाद यांत रेघ मारा

सगळ्या अभ्यासाचा कणा ही पायरी आहे. घाईत हीच सुटते.

कार्ल मानहाइम या समाजशास्त्रज्ञाने १९२७ साली एक भेद मांडला. जुनं धरून ठेवण्याची सवय माणसात सगळीकडे, सगळ्या काळांत असते. पण त्या सवयीचं राजकीय विचारात रूपांतर होतं ते विशिष्ट वेळी, तिच्यावर घाव पडल्यावर. जोवर कुणी मोडत नाही, तोवर ‘हे राखलं पाहिजे’ असं लिहायची गरज कुणाला पडेल?

हे समजायला ताळगांवचं शेत पुरेसं आहे. १५२६ साली आफोंसु मेशिय या पोर्तुगीज महसूल अधिकाऱ्याने तिसवाडीतल्या गांवकऱ्यांच्या (गांवकरी हे कोमुनिदादीचं जुनं नाव) चालीरीती लिहून काढल्या. तो दस्तऐवज म्हणजे ‘फोराल’. त्यात एक कलम असं: भात कापायला पहिली सुरुवात करण्याचा मान ताळगांवच्या गांवकरांचा, आणि दरवर्षी त्यांनी कणसांची पेंडी मुख्य चर्चच्या वेदीपुढे आणायची. ताळगांवात ऑगस्टात कणसांचं फेस्त आजही होतं. मान गांवकरांचाच राहिला, वेदी मात्र नव्या राज्यकर्त्यांची.

आता वहीत तीन ओळी लिहा. कणीस कापणं ही परंपरा. फोराल म्हणजे नव्या सत्तेने, आपल्या महसुलाच्या सोयीसाठी, परंपरेची केलेली नोंद. यातलं काहीच परंपरावाद नव्हे, कारण ‘गांवकरी हीच समाजाची खरी घडण, ती मोडू नका’ असा सिद्धान्त त्यात कुणी मांडलेला नाही. बर्कचा ग्रंथ यायला अजून २६४ वर्षं होती.

आणखी एक गोष्ट नजरेत ठेवा. चाल तोंडी असते तेव्हा ती गुपचूप बदलत राहते. कागदावर आली की गोठते. नेमकी कुठली आवृत्ती गोठली आणि लिहिणाऱ्याला कुणी सांगितली, हे प्रत्येक जुन्या दस्तऐवजाला विचारायचं.

३. बर्क वाचा, पण सलग वाचू नका

बर्कचा फ्रेंच राज्यक्रांतीवरचा ग्रंथ नोव्हेंबर १७९० मध्ये आला. एका तरुण फ्रेंच गृहस्थाला लिहिलेलं पत्र असा त्याचा घाट आहे, त्यामुळे त्यात प्रकरणंच नाहीत. नवखा वाचक साठ-सत्तर पानांत हरवतो तो यामुळेच.

असं करा. पहिल्या बैठकीत सुरुवातीचा भाग, जिथे तो १६८८ ची इंग्लंडमधली क्रांती आणि १७८९ ची फ्रान्समधली क्रांती वेगळी करून दाखवतो. दुसऱ्या बैठकीत मधला भाग: राणी मारी आंत्वानेतवरचा प्रसिद्ध उतारा, पूर्वग्रहांचं समर्थन, आणि समाज म्हणजे जिवंत, मृत आणि अजून न जन्मलेले यांची भागीदारी ही कल्पना. उत्तरार्धात फ्रान्सची विधानसभा, न्यायालयं, सैन्य, चलन यांची चिरफाड आहे. ती पहिल्या वाचनात नुसती चाळा.

‘पूर्वग्रह’ शब्दाशी थांबा. बर्कच्या लेखी ती शिवी नाही. अनेक पिढ्यांचा अनुभव साठून सवय झालेली समज, जी ऐनवेळी विचार करत बसायला लावत नाही, असा त्याचा अर्थ. मराठीत ‘पूर्वग्रह’ लिहिलंत की अर्थ उलटतो. ‘रुजलेली समज’ लिहा.

बर्क आंधळा स्थितिवादी नव्हता. बदलाची सोय नसलेल्या राज्याला टिकण्याचीही सोय नसते, हे त्याचंच म्हणणं. तो राजावर पार्लमेंटचा अंकुश हवा म्हणणाऱ्या व्हिग पक्षाचा होता, अमेरिकन वसाहतींशी समेट करावा असं १७७५ मध्ये पार्लमेंटात सांगत होता. आपल्याला जवळचं म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याच्यावरचा महाभियोग त्यानेच चालवला. १७८८ ते १७९५ असा तो खटला चालला आणि हेस्टिंग्ज सुटला. कंपनीने हिंदुस्थानातल्या जुन्या, मानाच्या संस्था पायदळी तुडवल्या, हा बर्कचा राग आणि पॅरिसच्या क्रांतिकारकांवरचा त्याचा राग एकाच मुळातून येतो. हे भाग शेजारी ठेवून वाचल्याशिवाय बर्क कळला असं म्हणू नका.

सावधान: वाईटाच्या विजयासाठी चांगल्या माणसांनी गप्प बसणं पुरतं, अशा अर्थाचं वाक्य बर्कच्या नावावर सर्रास फिरतं. त्याच्या लेखनात ते सापडत नाही. टिपणात घालू नका.

४. चार रकाने भरा

प्रत्येक प्रकाराला हे चार प्रश्न विचारा:

क. नेमकं काय राखायचं आहे?
ख. ते कोण मोडतंय?
ग. राखण्याचा हक्क कुणाच्या नावाने सांगितला जातो: अनुभव, ईश्वर, राजा, की लोक?
घ. किती आणि कसा बदल चालेल?

खरा फरक ‘ग’ मध्ये उघडा पडतो. बर्कच्या पानावर तिथे ‘अनुभव, वहिवाट’ येईल. जोसेफ द मेस्त्रच्या पानावर ‘ईश्वर’. मेस्त्र सव्हॉयचा. १७९७ च्या त्याच्या छोट्या ग्रंथात क्रांती ही ईश्वरी शिक्षा आहे. फ्रेंच, इटालियन, रशियन माणसं पाहिली, पण ‘माणूस’ म्हणून कुणी भेटला नाही, हे त्याचं म्हणणं मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यावरचा सगळ्यात धारदार घाव आहे. त्याचा समकालीन लुई द बोनाल्ड नुसता लिहून थांबला नाही. क्रांतीने आणलेला घटस्फोट १८१६ च्या कायद्याने फ्रान्समध्ये रद्द झाला, त्यामागे बोनाल्ड होता. घटस्फोट परत यायला १८८४ उजाडलं. १८१६ हे साल काळपटावर ठळक करा, पायरी ५ मध्ये लागेल.

स्पेनचे कार्लिस्ट (गादीवर हक्क सांगणाऱ्या दोन कार्लोसचे पाठीराखे) १८३३ पासून लढले. ईश्वर, देश, राजा यांच्या जोडीला त्यांच्या घोषणेत ‘फुएरोस’ होते, म्हणजे प्रांतांच्या जुन्या सनदा. स्पॅनिश ‘फुएरो’ आणि आपल्या गांवकऱ्यांचं ‘फोराल’ एकाच लॅटिन शब्दाची लेकरं. बास्क आणि नव्हारामधला शेतकरी केंद्राच्या उदारमतवादी सरकारविरुद्ध सनदेसाठी बंदूक उचलतो, म्हणजे परंपरावाद नेहमीच बलवान केंद्राच्या बाजूला असतो हा समजही इथे गळून पडतो.

हुजूर पक्षाचा ब्रिटिश नेता डिझरायली याला एक पान पुरे. गरीब आणि श्रीमंत ही दोन राष्ट्रं झाली आहेत हे त्याने १८४५ च्या कादंबरीत मांडलं. पंतप्रधान असताना १८७५ मध्ये सार्वजनिक आरोग्य आणि कामगारांच्या घरांचे कायदे त्याच्या सरकारने केले. ‘घ’ रकान्यात इथे भरपूर लिहायला मिळेल.

५. पोर्तुगालचा धागा: तीन माणसं एका पोत्यात घालू नका

बहुतेक मराठी लेखनात ‘पोर्तुगीज प्रतिगामी राजवट’ असा एकच शब्दप्रयोग असतो. त्याखाली तीन निराळे विचार गाडले गेले आहेत.

दों मिगेल (१८२८ ते १८३४). १८२६ ची सनद (राज्यघटना) बाजूला सारून त्याने जुन्या पद्धतीची, तीन वर्गांची सभा बोलावली आणि गादी घेतली. हा जुन्या राजेशाहीचा परंपरावाद. त्याच्या काळात गोव्याचे उदारमतवादी प्रतिनिधी बेर्नार्दु पेरिश द सिल्व यांना देशाबाहेर राहावं लागलं. उदारमतवादी जिंकल्यावर १८३५ मध्ये ते गोव्याचे प्रीफेक्ट (मुख्य प्रशासक) होऊन आले आणि १७ दिवसांत लष्करी उठावाने पदावरून गेले.

आंतोनियु सार्दीन्य आणि लुझितानी इंतेग्रालिझ्म. १९१० मध्ये प्रजासत्ताक आलं, त्याला उत्तर म्हणून १९१४ पासून हा गट पुढे आला. राजा हवा, पण निरंकुश नको. ग्रामपालिका, व्यवसायसंघ, कुटुंब अशा नैसर्गिक घटकांवर उभं राज्य हवं, असं त्यांचं म्हणणं. फ्रान्समधला राजेशाहीवादी लेखक शार्ल मोरास याचा ठसा दिसतो.

सालाझार. १९३२ मध्ये पंतप्रधान, १९३३ मध्ये नवी राज्यघटना. ईश्वर, मातृभूमी, कुटुंब हे ब्रीद, पोप लिओ तेरावे (१८९१) आणि पायस अकरावे (१९३१) यांच्या सामाजिक पत्रांचा आधार. पण त्याने राजेशाही परत आणली नाही. इंतेग्रालिझ्ममधूनच आलेल्या रोलांव प्रेतु यांच्या निळ्या सदऱ्यांच्या संघटनेवर १९३४ मध्ये त्यानेच बंदी घातली. म्हणून ‘सालाझार म्हणजे फॅसिस्ट’ एवढं लिहून मोकळं होऊ नका. आणि ‘तो फक्त भाविक परंपरावादी होता’ हेही लिहू नका: सेन्सॉर, गुप्त पोलीस आणि वसाहतींना पोर्तुगालच्या ताब्यात जखडणारा १९३० चा वसाहत कायदा ‘ख’ आणि ‘ग’ रकान्यांत आलेच पाहिजेत. त्या कायद्याविरुद्ध लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांनी १९३० मध्येच गोव्याच्या विधिमंडळात ठराव मांडला. तो वाचल्याखेरीज ही पायरी पुरी होत नाही.

आता बोनाल्डचं ठळक केलेलं साल काढा. पोर्तुगालच्या प्रजासत्ताकाने १९१० मध्ये घटस्फोटाचा हक्क दिला. १९४० च्या व्हॅटिकनबरोबरच्या कराराने चर्चमध्ये लागलेल्या लग्नांपुरता दिवाणी घटस्फोट काढून घेतला, आणि गोव्यात ते १९४६ च्या हुकुमाने आलं. पॅरिसमधला १८१६ चा वाद मडगांवच्या लग्ननोंदणीपर्यंत कसा पोचला, ते इतकं सरळ दुसरीकडे कुठे दिसणार नाही.

याच पायरीवर एक प्रामाणिक टीप लिहा. सार्दीन्यला जी मोडतोड वाटली, त्याच प्रजासत्ताकाने चर्च आणि राज्य वेगळी केली, आणि गोव्यातल्या हिंदूंना पहिल्यांदा बरोबरीच्या नागरिकत्वाचा श्वास मिळाला. ‘परंपरा राखा’ या वाक्यात कुणाची परंपरा, हे विचारायला गोव्याइतकी योग्य जागा नाही.

६. मराठी मुलूख: १८९१

मुलींचं संमतिवय (शरीरसंबंधासाठीचं किमान वय) कायद्याने १० वरून १२ वर्षं करायचं होतं. टिळकांनी विरोध केला, आगरकरांनी ‘सुधारका’तून जोरदार पाठिंबा दिला. सर्वसाधारण चूक अशी की टिळकांना ‘मराठी बर्क’ म्हणून टाकायचं. चार रकाने भरून पाहा. ‘ख’ मध्ये सुधारणा येत नाही, परक्या सरकारची ढवळाढवळ येते. सुधारणा समाजातून व्हावी, परक्याच्या कायद्याने नव्हे, हा मुद्दा अधिकाराचा आहे. त्याच वेळी डॉ. भांडारकर शास्त्रांचाच आधार घेऊन कायद्याच्या बाजूने बोलत होते. परंपरेचा हवाला दोन्ही बाजूंनी दिला जातो, हे इथे लख्ख दिसतं. आणि कायदा जिच्यासाठी होता त्या मुलीचं मत कुठल्याच रकान्यात येत नाही. ती मोकळी जागा तशीच मोकळी ठेवून खाली तसं लिहा.

७. विसावं शतक, थोडक्यात

अमेरिकेत रसेल कर्क (१९५३) यांनी बर्कपासूनची वंशावळ मांडली आणि सहा सूत्रं दिली. इंग्लंडमध्ये मायकल ओकशॉट यांनी हा विचार सिद्धान्त म्हणून न मांडता स्वभाव म्हणून मांडला: अनोळखीपेक्षा ओळखीचं बरं. दोघांना एकेक पान. कर्क वाचताना एवढं ध्यानात ठेवा की वंशावळ लिहिणारा नको असलेले पूर्वज गाळतो.

८. एका संस्थेवर पडताळा घ्या: कोमुनिदाद

इथे दोन आठवडे द्या. तीन कागद लागतील: १५२६ चं फोराल, १५ एप्रिल १९६१ ची कोमुनिदाद संहिता, आणि १९६४ चा कूळ कायदा. संहितेचं भाषांतर वापरत असाल तर मूळ पोर्तुगीज कलम शेजारी ठेवा. ‘गांवकर’, ‘झणकार’ (झण म्हणजे उत्पन्नातला वाटा, तो घेणारा) आणि ‘भागधारक’ यांची भाषांतरात हमखास गल्लत होते.

मग एक खाजन पाहून या. शेत भरतीच्या पातळीखाली, बाहेर मातीचा बांध, बांधात मानस (पाण्याचं दार). मानशीची लाकडी दारं भरतीच्या पाण्याच्या दाबाने मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतात. बांधाला एक भगदाड पडलं की एकाचं नव्हे, सगळ्यांचं शेत खारं होतं. म्हणून बांध सामाईक, जमीन गावाची, दर तीन वर्षांनी शेतांची पावणी (लिलाव), खर्च वजा जाता उरलेल्यातून गांवकरांना झण. बर्कची पिढ्यांची भागीदारी चिखलात उभी पाहायची तर ती ही.

आता उलट बाजू त्याच पानावर लिहा. गांवकरपण पुरुषाच्या वंशातून चालतं. मुलगी बाहेर, कूळ बाहेर, मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) बाहेर. घाम गाळणाऱ्याला निर्णयात जागा नव्हती. १९६४ च्या कायद्याने कुळाला संरक्षण दिलं, पावणीची पद्धत त्या शेतांपुरती संपली, कोमुनिदादीचं उत्पन्न आटलं, आणि बांधाची जबाबदारी पुढे कुळांच्या संघांकडे गेली. फुटका बांध दाखवून परंपरावादी म्हणेल, जबाबदार संस्था मोडलीत म्हणून हे झालं. कूळ म्हणेल, संस्था माझी कधी नव्हतीच. दोन्ही म्हणणी पूर्ण ताकदीने लिहिता आली पाहिजेत. एक जरी लुळं पडलं तर संबंधित कागद पुन्हा वाचा.

जपून: ‘गांवकरी हजारो वर्षं जशीच्या तशी आहे’ असं ठोकू नका. फोरालने एकदा गोठवलं, विसाव्या शतकात १९०४, १९३३ आणि १९६१ अशा तीन संहितांनी पुन्हा घडवलं. आज दिसते ती गांवकरी यातल्या प्रत्येक हाताखालून आलेली आहे.

९. टिपण लिहा

दीड हजार शब्द, एक प्रश्न. ‘परंपरावाद म्हणजे काय’ हा प्रश्न घेऊ नका, तो कधीच संपत नाही. असा घ्या: ‘कूळ कायद्याला झालेला विरोध कुठल्या प्रकारच्या परंपरावादात बसतो?’ किंवा ‘१९४० चा करार मेस्त्रच्या जवळचा की बर्कच्या?’ प्रत्येक विचारवंताच्या नावापुढे साल आणि तो कशाला उत्तर देत होता ते एका वाक्यात हवंच. उतारा मूळ ग्रंथात स्वतः पाहिला नसेल तर घालू नका.

पहिला खर्डा दोघांना वाचायला द्या. एक झण घेणारा गांवकर, दुसरा कूळ किंवा मुंडकार घरातला कुणी. दोघांनी वेगवेगळ्या वाक्यांवर हरकत घेतली तर ती वाक्यं ठेवा आणि समासात त्यांची हरकत नोंदवा. दोघांचंही बोट एकाच वाक्यावर पडलं तर ते वाक्य काढून तिथला कागद पुन्हा उघडा.